परसातली भाजी आणि बाजारातली भाजी

घराच्या परसात भाजीपाला लावल्याने कोणते लाभ होतात, असे कोणी विचारले तर उत्तर द्यावयास फारसा विचार करावा लागत नाही. भाजी ताजी मिळते, चार पैसे वाचतात, शरीराला हालचाल घडते, घरातील मुलांना माती ठाऊक होते आणि आपण काय खातो आहोत याची खात्री राहते. यांपैकी पहिल्या चारांविषयी माझे काही म्हणणे नाही. पाचव्या लाभाविषयी, म्हणजे त्या खात्रीविषयी, मात्र थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. ज्या खात्रीचा मी अर्धे आयुष्य अभिमान बाळगला, तिने गेल्या दोन वर्षांत मला पुष्कळ अस्वस्थ केले आहे.

आमचे करजगी अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या खोऱ्यात वसलेले. निझामाचे राज्य गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात आला, १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले; घरातली बोली मात्र मराठीच राहिली. ती निर्भेळ राहिली असे म्हणवत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही. परसात तर मुळीच वाटत नाही. दोडक्याला आई दोडका म्हणे आणि भिंतीपलीकडच्या अक्कांशी बोलताना तोच दोडका हिरेकाई होई. वांग्याचे बदनेकाई, शेवग्याचे नुग्गेकाई, कोथिंबिरीचे कोतंबरी. अंबाडीला तर आम्ही घरातही पुंडीच म्हणत आलो. पुंडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी या जोडीला अंबाडी हा शब्द लावला की तिची चव एक पायरी उतरते, असे मला अजूनही वाटते.

परस म्हणजे मोजून अडीच गुंठे जागा. न्हाणीचे पाणी पाटाने अळूकडे आणि केळीकडे जाई. भांड्यांच्या मोरीचे पाणी दोडक्याच्या व भोपळ्याच्या आळ्यांत. वाल मांडवावर, शेवगा कोपऱ्यात भिंतीपासून दूर, कारण त्याची फांदी ठिसूळ आणि ती कधी मोडेल याचा नेम नाही. दसऱ्यानंतर मेथी, चुका, शेपू यांचे वाफे पडत. घोळ आणि पाथरी कोणी लावल्या नाहीत, त्या आपणच उगवत. आणि त्या उपटून फेकणाऱ्याला घरात बोलणी खावी लागत. बिदरच्या सरहद्दीपलीकडे, जहीराबादजवळच्या पस्तापूर येथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायकांनी अशा न पेरलेल्या भाज्यांना अन्नाच्या हिशेबात मानाचे स्थान मिळवून दिले आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक त्या संस्थेकडे आले. ते वाचले तेव्हा आईची आठवण झाली. तण आणि भाजी यांतला फरक पुष्कळदा पाहणाऱ्याच्या भुकेवर ठरतो.

लाभांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावयाचा तर परसाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने भाज्या व फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खावी असे सांगते. पाच माणसांच्या घरास हे दिवसाला दोन किलो, म्हणजे वर्षाला सातशे किलोंच्या वर होते. आमच्या अडीच गुंठ्यांनी ही मागणी कधीच पुरी केली नाही. पावसाळ्यात आणि थंडीत आठवड्यातील तीन-चार दिवस परसावर निघत. चैत्र-वैशाखात विहीर खाली गेली की शेवगा आणि वाळवलेल्या भाज्यांखेरीज काही नसे. पैशांची बचतही सांगण्यासारखी नव्हे. ताजेपणाचा लाभ मात्र खरा. पालेभाजी काढल्यापासून तिच्यातील क जीवनसत्त्व घटू लागते, आणि बाजारात येणारी मेथी आपल्या हाती पडेपर्यंत तिला एक-दोन रात्री झालेल्या असतात. परसातून चुलीपर्यंतचे अंतर वीस पावलांचे.

तरीही आमच्या घरी परसाचा खरा कायदा खाण्याविषयीचा नव्हता, देण्याविषयीचा होता. घरची भाजी विकावयाची नाही, हा तो कायदा. तो कोणी लिहून ठेवला नव्हता आणि त्याचे कारणही कोणी सांगितले नव्हते. भाद्रपदात दोडक्याचा वेल ऐन भरात आला की एका घराला खाऊन संपत नाही. आज काढला नाही तर परवा त्याच्या शिरा ताठ होतात, आठवड्याने तो अंग घासावयाच्या कामाचा उरतो. धान्य कणगीत साठते, पैसा पेटीत साठतो. दोडका साठत नाही. त्यामुळे आई सुपात घालून तो चार घरी पाठवी, आणि ते सूप रिकामे कधी परत येत नसे. कधी त्यात कारळाची चटणी असे, कधी मूठभर शेंगदाणे, आणि ईदच्या सुमारास गल्लीच्या तोंडच्या घरातून शेवयाही येत.

या सुपाची एक गोष्ट आई सांगत असे. माझ्या जन्मापूर्वीची आहे. १९४८च्या पूर्वार्धात रझाकारांच्या भीतीने निझामाच्या मुलखातील सरहद्दीवरची पुष्कळ कुटुंबे सोलापूर भागात निघून गेली. त्यांत आमचेही घर होते. दार ओढून घेतले, गुरे सोडून दिली आणि बरोबर येईल तेवढे घेऊन मंडळी निघाली. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, पुढे काही आठवड्यांनी ती परतली. घरातील भांडी गेली होती, दाराची कडी तुटली होती, परसात गवत माजले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का सूप घेऊन आल्या. सुपात एक जुन्या लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी होती आणि तिच्यात आमच्याच मांडवावरच्या वालाचे बी. मांडव कोसळला तेव्हा शेंगा वाळत होत्या, त्या त्यांनी भिंत ओलांडून काढून ठेवल्या होत्या. "बी संपलं तर घर कुठून सुरू करणार?" असे त्या कन्नडात म्हणाल्या, असे आई सांगे. तो वाल आमच्याकडे आजही आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे सांभाळल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरी तिचे कौतुक झाले ते काहीसे नातेवाईकाचे व्हावे तसे झाले. राहीबाईंच्या कामात परसबाग आहे आणि बियांची देवघेवही आहे. ही दोन कामे एकमेकींपासून सुटी करता येत नाहीत, हे आम्हांला एका पुरचुंडीने शिकविले होते.

तेव्हा परस हे घराच्या मालकीचे असले तरी परसातील उत्पन्न पुरते घराच्या मालकीचे नसते, अशी माझी समजूत लहानपणापासून झालेली. आमच्या तालुक्यातच भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथे येणारा भाविक, मग तो घरचा कितीही संपन्न असो, पाच घरी माधुकरी मागतो. देणाऱ्याने माणूस पाहावयाचा नाही आणि घेणाऱ्याने पदार्थ पाहावयाचा नाही, अशी तिथली रीत. परसातील दोडक्यातही मला काहीसे तसेच वाटे. या समजुतीत मी इतका सुखी होतो की तिच्यात एक मोठे भगदाड आहे हे सत्तरी ओलांडेपर्यंत ध्यानात आले नाही.

ते दाखविले शेतावर वांगी तोडावयास येणाऱ्या एका बाईने. आमची शेती धाकट्या भावाचा मुलगा पाहतो. उत्पन्नाचा वाटा माझ्या घरी येतो. तूर, ऊस आणि एकरभर वांगी. वांगी सोलापूरला आणि कलबुर्गीला जातात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात ती बाई दोडके न्यावयास परसात आली असता मी तिला चार वांगीही तोडून दिली आणि मोठ्या समाधानाने सांगितले, "ही निर्धास्त खा, हिच्यावर औषधाचा थेंबही पडलेला नाही." ती हसली आणि म्हणाली, "ठाऊक आहे की, अप्पा. तुमचा पुतण्या पण इथूनच नेतो ना." मग वांगी ओच्यात घेता घेता, अगदी सहज, "पण अप्पा, ती शेतातली वांगी खाणाऱ्यांना पोट नाही का हो?"

हे खरे होते. एकरभर वांगी पिकविणारा माझा पुतण्या स्वतःच्या घरासाठी वांगी माझ्या परसातून नेत असे. मी ते रोज पाहत होतो, आणि काका-पुतण्यांच्या प्रेमाचे लक्षण समजत होतो.

ही आमच्याच घरची गोष्ट असे समजू नये. तुरीच्या पट्ट्यात असो की द्राक्षांच्या, बांधालगतच्या दोन ओळी घरासाठी फवारणीविना राखावयाच्या आणि बाकीचे रान बाजारासाठी फवारावयाचे, हे आज किती जण करतात ते आपले आपल्याला माहीत आहे. सगळी फवारणी म्हणजे विष असा आक्रोश मला करावयाचा नाही. १९६८चा कीटकनाशक कायदा आहे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत हे ठरलेले असते. अन्नात अंश किती चालेल याच्याही मर्यादा आहेत. दिवस पाळले तर धोका पुष्कळ कमी होतो. पण वांग्याची तोडणी आठवड्यातून दोनदा आणि शेंडे व फळे पोखरणारी अळी हटता हटत नाही, तेव्हा ते दिवस पाळावयाचे कधी? याच अळीसाठी जनुके बदललेले बीटी वांगे आणण्याचा घाट घातला गेला, त्यावर देशभर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१०मध्ये केंद्र सरकारने ते थांबवून ठेवले. अळी त्यामुळे थांबली नाही. आणि विषाचा पहिला घाव खाणाऱ्यावर नव्हे, फवारणाऱ्यावर पडतो, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. त्या हंगामात तेथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शुद्ध भाजीची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तोंडी त्या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो. आपल्याला चिंता असते ती ताटाची.

मग प्रश्न उरतो तो असा. जी भाजी मी माझ्या नातीला देणार नाही, ती पिकवून दुसऱ्याच्या नातीला विकण्याचा मला काय अधिकार? आणि माझी परसबाग हा सद्गुण, की या व्यवहारातून स्वतःपुरती काढून घेतलेली पळवाट?

तत्त्वज्ञांना बाग पहिल्यापासून आवडत आली आहे. एपिक्यूरसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि तिथे मित्रमंडळींसह, राजकारणाच्या धकाधकीपासून दूर, साधे खाऊन राहण्याचा धडा घालून दिला. कुंपणाच्या आतले शांत जीवन हा त्या विचाराचा गाभा. माझी परसबाग नकळत त्याच वळणाची झाली होती. परंतु आपल्या भागात बागेची आठवण एपिक्यूरसने सुरू होत नाही, सावता माळ्याने होते. माढा तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव, करजगीपासून फार लांब नाही. १२५० ते १२९५ हा त्यांचा काळ. ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठल त्यांच्या मळ्यात आला, असे आपण सांगतो आणि त्यातून कर्म हीच पूजा असा बोध काढतो. पण एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. सावतोबांचा मळा ही हौसेची परसबाग नव्हती. ते जातिवंत माळी. भाजी पिकवून गावाला पुरविणे हा त्यांचा धंदा. म्हणजे ज्या वाफ्यात त्यांना देव दिसला त्यातील भाजी बहुतांशी दुसऱ्याच्या ताटात जाणार होती. ज्याच्या मळ्यात विठ्ठल उभा आहे त्याला घरचा वाफा निराळा आणि बाजारचा निराळा करता येईल का? देव दोहोंपैकी कोणत्या वाफ्यात उभा राहील, हा प्रश्न त्याला पडणारच नाही.

भिंतीपलीकडच्या अक्कांच्या घरी हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितली जाई. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द जोडीने दिले. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ नम्रपणे समाजापुढे ठेवणे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर घर चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तर त्याची बायको लक्कम्मा हिने ते परत टाकून यावयास सांगितले. ही कथा अक्कांनी मला दोडक्याच्या वेलाखाली सांगितली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आणि मला ती केवळ काटकसरीची वाटली होती. जास्तीचे परत करणे हा तिचा अर्धाच भाग. जे दासोहात ठेवावयाचे ते आधी कायकाने शुद्ध असले पाहिजे, हा तिचा दुसरा भाग. परसातील जास्तीचा दोडका वाटून मी अर्धे पुण्य जोडीत होतो. शेतातल्या वांग्यांचा वाटा घेताना उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कोणी विचारला नव्हता, इतकेच.

यावर पुतण्याशी बोललो. तो भांडला नाही. "काका, बाजार वांग्याचं तोंड बघतो, मन नाही," असे म्हणाला. भोक पडलेले वांगे अडत्या बाजूला काढतो, आणि गिऱ्हाईकालाही, म्हणजे तुम्हा-आम्हालाही, चकचकीत वांगेच हवे असते. त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हे तर शहरातील सुशिक्षितांचे सोपे काम. तेव्हा मी गेल्या वर्षी इतकेच केले की दहा गुंठे वांग्यांवरचा माझा वाटा सोडला आणि तेवढ्या तुकड्यावर रासायनिक फवारणी करावयाची नाही असे ठरविले. कामगंध सापळे लावले. किडलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळावयाचे ठरले. त्याला लागणारी मजुरी माझ्याकडून. निंबोळी अर्क दिला. परसात जे मी एकटा, झारी हातात घेऊन, दोन डझन झाडांना करीत होतो ते दहा गुंठ्यांत करावयास तीन बायका लागल्या. परसबागेतील पावित्र्य स्वस्त का असते, ते त्या दिवशी समजले.

फळ कसे आले ते जसेच्या तसे सांगतो. तोडलेल्या चार वांग्यांत एक किडके निघे. अडत्याने भाव पाडला. त्याच्याकडे फवारलेल्या आणि न फवारलेल्या वांग्यांची वेगळी पाटी नाही. हंगामाच्या शेवटी मजुरी धरून मला काही हजारांची खोट आली. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हाला हे परवडतं. मला नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाचे नीतिधैर्य आणि कर्जाचा हप्ता भरणाऱ्याचे नीतिधैर्य एकाच तराजूत घालता येत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट घडली. दहा गुंठ्यांतील वांग्यांची बातमी गावात पसरली आणि ओळखीची माणसे घरी नेण्यासाठी तीच मागू लागली. मास्तर आले, दुकानदार आले, तोडणीच्या बायकाही संध्याकाळी ओच्यात तीच नेऊ लागल्या. आणि पलीकडील तीस गुंठ्यांतील वांगी पूर्वीसारखीच फवारून, पूर्वीसारखीच टेम्पोत भरून, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसांकडे जात राहिली. म्हणजे माझ्या परसाची भिंत पडली नव्हती. ती फक्त थोडी पुढे सरकली होती आणि तिच्या आत चाळीस-पन्नास घरे आली होती. हे काहीच नाही असे मला म्हणवत नाही. पुष्कळ झाले असेही म्हणवत नाही.

त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईला मी हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि किडके शेंडे खुडण्याची मजुरी तोडणीच्या मजुरीपेक्षा कमी का, असे विचारले. वाकून काम तितकेच, ऊन तितकेच. मजकडे उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यापासून मजुरी सारखी केली. त्याने खोट आणखी वाढली.

परसात यंदाही दोडक्याची आळी केली आहेत. वाल मांडवावर चढतो आहे, आणि अक्कांच्या सुनेच्या घरी त्याचे बी गेल्याच आठवड्यात सुपातून पोहोचले. मृग लागण्यापूर्वी पुतण्या सकाळी येऊन ओट्यावर बसला, चहा होईपर्यंत काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "काका, यंदा वीस गुंठे धरू का? गावातच निम्मी जातील." मजुरीचे काय करावयाचे ते त्याने विचारले नाही, आणि मीही अजून सांगितलेले नाही.